चुकलेल्या दारावरची नोटीस

"सगळीकडून उत्तरं आली, साहेब," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "कलम त्रेचाळीस काढून टाका, असं झाडून सगळ्यांनी लिहिलंय. ठेवा म्हणणारे तुम्ही एकटेच."

सकाळचे साडेदहा वाजले होते. स्वच्छता निरीक्षकाच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि दोन्हींपैकी काय आधी खाली ठेवावं ते त्याला सुचेना. बाई राजधानीतल्या विधी खात्यात होत्या. सार्वजनिक आरोग्याचा जो कायदा नव्वद वर्षं चालत आला होता तो मोडीत काढून नवा आणायचं ठरलं होतं, आणि नव्याचा मसुदा या बाई लिहीत होत्या. त्यांनी गावोगावच्या पालिकांना विचारलं होतं, जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं. निरीक्षकाने एका दुपारी बसून सगळी कलमं उडवली होती. थुंकीपात्रांचं, काढावे. घोड्यांच्या तबेल्याचं, काढावे. आजारी माणसाने वाचनालयाचं पुस्तक परत करू नये याबद्दलचं, काढावे. एकेका शब्दात काम झालं होतं. फक्त त्रेचाळीसपुढे त्याने 'ठेवावे' असं लिहिलं होतं आणि खाली दीड पान जोडलं होतं.

"सहा कारणं दिलीत तुम्ही," बाई म्हणाल्या. "आमच्या सचिवांना फार पटली. ते म्हणतात, तेहतीस वर्षं दारोदार फिरलेला माणूस सांगतोय, तर राहू दे. मला स्वतःला ते कलम आवडत नाही, खरं सांगते. पण दारं तुम्ही पाहिलीत, मी नाही. चार वाजता मसुदा मंत्र्यांकडे जातो. त्याआधी एकदा तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं. ठेवायचं ना नक्की?"

हो म्हणायला जेमतेम अर्धा क्षण लागला असता. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की सहा कारणांतलं एकही आपल्याला आता आठवत नाही.

"चारच्या आत सांगतो," तो म्हणाला. फोन ठेवला. मग पाहिलं तर कप आवक टपालावर ठेवलेला आणि वरच्या पाकिटावर चहाचं गोल कडं उमटलेलं.

शेजारच्या टेबलावर जन्ममृत्यू नोंदणीच्या बाई बसत. त्यांना सगळे नोंदणीबाई म्हणत. त्यांचे कान त्यांच्या नोंदवह्यांसारखेच होते, आत गेलेलं काही हरवत नसे.

"कोण होतं?"

"विधी खातं."

"काय म्हणतंय?"

"मी एकटाच आहे म्हणतंय."

"मग त्यात नवीन काय सांगितलं?" नोंदणीबाई म्हणाल्या. म्हणाल्याबरोबर त्यांनी स्वतःच्या डब्यातली दोन बिस्किटं काढून त्याच्या टेबलावर सरकवली. दीड वर्षापूर्वी त्याच्या बायकोची नोंद त्यांनीच केली होती. फॉर्ममधला एकही प्रश्न त्याला विचारला नव्हता. नाव, वय, पत्ता, सगळं त्यांना पाठ होतं. तो फक्त समोर बसून पेनाचं टोपण उघडझाप करत होता.

त्याने बिस्किटं खाल्ली आणि कपाटातून कायदा काढला.

कायदा म्हणजे पालिकेची एकुलती एक प्रत. मुळात ती दोन बोटं जाड होती, आता वीतभर झाली होती. कारण असं की कायद्यात दुरुस्ती झाली की राजधानीतून नवं पुस्तक येत नसे, पट्ट्या येत. छापील कागदाच्या अरुंद पट्ट्या. त्या कापायच्या आणि पुस्तकातल्या जुन्या ओळीवर बरोबर चिकटवायच्या. पुढे ती दुरुस्तीही दुरुस्त होई, मग पट्टीवर पट्टी. काही पानं पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती. पुस्तक मिटत नसे, त्याला नाडीने बांधून ठेवावं लागे. नोकरीला लागला तेव्हा हे काम सगळ्यात धाकट्या माणसाकडे असायचं, म्हणून त्याच्याकडे आलं, आणि पुढे तो थोरला झाला तरी कुणी ते परत मागितलं नाही. कचेरीतला डिंक पातळ होता. पट्ट्या वर्षभरात सुटून पानांतून खाली गळायच्या, आणि एकदा तर गोड्या पाण्याच्या विहिरींचा नियम झाडूवालीने केरात नेला होता. मग लग्न झालं आणि खळ घरून यायला लागली.

बायको खळ करायची ते बघण्यासारखं असे. छोट्या पातेल्यात थंड पाण्यात पीठ कालवायचं, गाठ राहता कामा नये, मग मंद आचेवर लाकडी चमच्याने एकाच दिशेने ढवळत राहायचं. शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. खळीला मग फिकट निळी झाक यायची. रविवारी तो कायदा पिशवीत घालून घरी आणायचा. तो पट्ट्या कापायचा आणि ती चिकटवायची. पट्टी बसवली की तळहात त्यावर दाबून धरायची आणि मनातल्या मनात एकवीसपर्यंत मोजायची. एकवीसच का, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नसे. चिकटवता चिकटवता ती वाचायची. त्याला कलमांचे आकडे ठाऊक, तिला आतला मजकूर. "तुमच्या कायद्यात सगळ्यांना शिक्षा आहे," ती एकदा म्हणाली होती. "घरमालकाला, भाडेकरूला, दूधवाल्याला, न्हाव्याला, मेलेल्या माणसालासुद्धा आहे थोडी. फक्त निरीक्षकाला नाही."

"निरीक्षक चुकत नाही," तो म्हणाला होता.

"हो का," ती म्हणाली होती, आणि इतकी हसली होती की पट्टी तिरकी बसली. ती अजून तशीच तिरकी आहे, कलम सत्तावन्न, सार्वजनिक स्नानगृहे.

त्याने नाडी सोडली. त्रेचाळिसाव्या कलमाचं पान आपोआप उघडलं, इतक्या वेळा उघडलेलं. त्यावर एकही पट्टी नव्हती. नव्वद वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. ज्या घरात संसर्गजन्य रोगी सापडेल त्या घराच्या दारावर निरीक्षकाने पिवळ्या कागदाची नोटीस चिकटवावी. नोटीस लागते वेळी जो आत असेल त्याने आत राहावे, बाहेर असेल त्याने बाहेर. निरीक्षकाने रोज उंबऱ्यापर्यंत जाऊन आतल्या सर्वांची तपासणी करावी. एकवीस दिवस पूर्ण होण्याआधी नोटीस कोणीही, कोणत्याही कारणास्तव काढू नये. काढणाऱ्यास कैद.

कोणत्याही कारणास्तव. हे दोन शब्द त्याच्या आयुष्यात फार वर्षं राहिले होते, घरातल्या माणसांसारखे.

तो चोवीस वर्षांचा होता आणि नोकरीचा तिसरा महिना होता. दवाखान्यातून चिठ्ठी आली की अमुक रस्ता, घर नंबर सतरा, मुलाला घटसर्प, मुलाला इस्पितळात हलवलंय. त्याने पिवळा कागद, बादली आणि कुंचा घेतला आणि निघाला. आता त्या रस्त्याचे नंबर त्याच वर्षी पालिकेने नव्याने घातले होते. पत्र्याच्या निळ्या पाट्यांवर नवे नंबर ठोकायच्या कामावर तो स्वतःच देखरेखीला होता, आणि त्याला त्याचा अभिमान होता. डॉक्टर म्हातारे होते, त्यांनी जुना नंबर लिहिला होता. नव्या सतरा नंबरच्या घरात घड्याळजी राहायचे, आणि त्या घरात कुणाला साधी सर्दीही नव्हती. दार लोटलेलं होतं. त्याने ते ओढून घेतलं, कुंच्याने दोन हात मारले, नोटीस लावली, चारी कोपरे नीट दाबले. मग नियमाप्रमाणे कडी वाजवली.

दार उघडायला ती आली, घड्याळजींची मुलगी. दार आत उघडलं तशी नोटीसही आत गेली, आणि तिने ती शांतपणे, मान वाकडी करून, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाली, "अक्षर चांगलंय. पण रोग कुणाला झालाय?"

"ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

"मला विचाराल तर तुम्हाला."

चूक त्याला संध्याकाळी कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खऱ्या घरावरही नोटीस लावून आला आणि आरोग्य अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला. अधिकारी सरळ माणूस होते. त्यांनी कायदा मागवला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं. "चुकून लागलेली नोटीस काढण्याबद्दल कायद्यात काही नाही," ते म्हणाले. "म्हणजे ती चुकून लागत नाही. तू रोज जाऊन तपासणी कर. वहीत लिही. एकवीस दिवस काय, बघता बघता जातात."

त्या वेळी आत तिघी होत्या. ती, तिची आई, आणि आईची थोरली बहीण, जी तासाभरासाठी सुई मागायला आली होती. घड्याळजी दुकानात होते, म्हणून ते बाहेर राहिले. ते आपल्या बहिणीकडे राहायला गेले आणि रोज संध्याकाळी रस्त्यात उभे राहून खिडकीशी गप्पा मारू लागले. बायको दर दिवशी म्हणायची, "वाळलात हो तुम्ही," आणि ते दर दिवशी थोडे आणखी गुबगुबीत दिसायचे. मावशीने तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघर स्वतःच्या पद्धतीने लावून टाकलं. आठव्या दिवशी दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं. अकराव्या दिवशी त्या दोघी निरीक्षकाला शिव्या घालण्यापुरत्या एक झाल्या, आणि नंतर कायमच्या गोडीत राहिल्या. मावशी पुढे मरेपर्यंत त्याची ओळख करून देताना सांगायची, "हे आमचे जावई. यांनी मला कोंडून घातली होती, एका सुईपायी."

तपासणी म्हणजे घसा बघायचा. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आतल्या माणसाने उंबऱ्याशी यायचं, आ करायचं, आणि त्याने बॅटरी मारून बघायचं. मावशी आ करायच्या आधी त्याला दोन शब्द सुनवायची. आई डोळे मिटून आ करायची, देवळात उभी राहावी तशी. आणि ती डोळे उघडे ठेवून. तरुण मुलीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची त्याची हिंमत नव्हती, पण घशाकडे बघणं सरकारी काम होतं, ते तो मन लावून करायचा. म्हणून असं झालं की तिचे डोळे कुठल्या रंगाचे आहेत हे कळण्याआधी तिच्या डाव्या टॉन्सिलवर एक लहानसा खळगा आहे हे त्याला ठाऊक झालं. वहीत तो लिहायचा, घसा निरोगी, घसा निरोगी, घसा निरोगी. पंधराव्या दिवशी लिहिलं, घसा उत्तम. अधिकाऱ्यांनी ते वाचून त्याच्याकडे पाहिलं आणि सही केली. बाविसाव्या सकाळी तो पाण्याची बादली घेऊन नोटीस ओली करून खरवडायला गेला तेव्हा दार उघडंच होतं, घड्याळजी पिशवी घेऊन आत शिरत होते, मावशी सुई घेऊन बाहेर पडत होती, आणि ती दाराशी उभी राहून त्याचं खरवडणं बघत होती.

"उद्यापासून घसा कुणाला दाखवू?" ती म्हणाली.

कचेरीत तेव्हापासून त्याला 'एकवीस' म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर. नवीन लागलेल्यांना वाटे की हा त्याचा टेबल नंबर आहे.

जेवायच्या सुट्टीत तो घरी गेला. घर दोन खोल्यांचं, कचेरीपासून चालत सात मिनिटांवर. डबा नेण्याची त्याला सवय नव्हती, आणि आता सवय लावायची तर डबा करणारं कुणी हवं. तो स्वतःपुरतं सकाळीच करून ठेवी. लेक दुसऱ्या गावी होती, आठवड्यातून तीनदा फोन करून आज काय केलंत विचारायची आणि मग त्याला मीठ घातलं का असं विचारायची. सुरुवातीला तो खोटं सांगायचा. आता खरंच घालायचा. माणूस शिकतो. दीड वर्षात तो बटण लावायला शिकला होता, दूध उतू जाण्याआधी ज्या एका क्षणी आवाज बदलतो तो ओळखायला शिकला होता, आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंनी झोपायला शिकला होता. एक गोष्ट जमत नव्हती. बाहेरून आल्यावर कुलूप काढून दार ढकलताना तो अजून एका पावलापुरता थांबायचा, आत कुणीतरी दाराशी येत असेल आणि त्याला दार लागेल अशा बेताने.

सहा कारणं आठवायची होती, म्हणून त्याने जेवताना ती आठवली. शिस्त राहते. शेजाऱ्यांना सूचना मिळते. निरीक्षकाचा घराशी रोज संबंध येतो. इथे त्याचा घास थांबला. निरीक्षकाचा घराशी रोज संबंध येतो. हे तिसरं कारण होतं, आणि चौथं, पाचवं, सहावं म्हणजे तेच पुन्हा, वेगळ्या शब्दांत. दीड पान लिहिलं त्या दुपारी त्याला काय झालं होतं ते त्याला आता स्वच्छ दिसलं. सगळ्या कलमांपुढे काढावे, काढावे लिहीत तो त्रेचाळीसपर्यंत आला होता आणि तिथे 'काढावे' लिहायला पेन वळलंच नव्हतं. ते कलम गेलं तर ती सगळी एकवीस दिवसांची गोष्ट कुठे उभी राहणार? मावशी गेली, घड्याळजी गेले, ते घर पाडून तिथे सायकलींचं दुकान झालं. ती गेली. कायद्याच्या पुस्तकातलं एक पान तेवढं राहिलं होतं, जिथे ती अजून दार उघडून मान वाकडी करून वाचत होती. ते तो काढून टाका म्हणेना. आता राजधानीतले लोक त्याच्यासाठी ते सगळीकडे ठेवणार होते. चार वाजल्यानंतर कुठल्याही गावात, कुठल्याही दारावर, त्याच्या शब्दाखातर.

फळीवरचं छोटं पातेलं त्याने उगाचच खाली काढलं. तळाला जुन्या खळीचा निळसर पापुद्रा होता, नखाने खरवडला तर निघाला असता. पातेलं हातात धरल्यावर त्याला ती दुसरी गोष्ट आठवली, जी तो बरेच दिवस आठवत नव्हता. चुकून नव्हे, ठरवून.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. गावातल्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक बाई होत्या, एकट्या राहायच्या. त्यांना ताप आला, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, निरीक्षकाने नोटीस लावली. या वेळी नंबर बरोबर होता. घरूनच खळ नेली होती, निळी, पक्की. एकवीस दिवसांनी बाई खणखणीत बऱ्या झाल्या आणि तो नोटीस खरवडायला गेला. नोटीस निघेना. बायकोची खळ कचेरीतल्या डिंकासारखी नव्हती. कागद गेला पण दारावर त्याचा चौकोन राहिला, रंग उडालेला, चारी कोपरे स्पष्ट. बाईंनी दार धुतलं, घासलं, रंगवलं. रंगातूनही तो चौकोन दिसायचा, निदान लोकांना दिसायचा. मुलींच्या आया मुलींना शिवणाच्या तासाला पाठवेनात. सहा महिन्यांनी बाई गाव सोडून गेल्या. जाताना भेटायला आल्या होत्या, तक्रार करायला नव्हे, एक जुनी कात्री द्यायला. पट्ट्या कापायला होईल म्हणाल्या.

त्या रविवारी तिने पातेलं पालथं घालून ठेवलं. "आजपासून सांगते," ती म्हणाली. "दारावरच्या नोटिशीला खळ करायची नाही मी. तुमच्या पुस्तकातल्या दुरुस्त्यांना करीन, पाहिजे तेवढी."

"अगं, पण आपलं सगळं त्या नोटिशीनेच तर..."

"आपलं चुकून झालं," ती म्हणाली. "त्यांचं बरोबर होऊन काय झालं ते बघा." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि आपल्यातही सांगू का? सातव्या दिवशी मी रात्रभर रडले होते. मला वाटलं होतं, आता मला खरंच काहीतरी झालंय. बाहेर लिहिलंय म्हटल्यावर आत असणारच. तुम्ही सकाळी आलात आणि घसा निरोगी म्हणालात तेव्हा कुठे विश्वास बसला. एक ओळ नाही का हो घालता येणार तुमच्या त्या कलमात? चुकलं तर ज्याने लावली त्यानेच त्याच दिवशी काढावी, आणि दारात उभं राहून सांगावं, की चूक माझी."

तो म्हणाला होता, कायदे आपण करत नाही, आपण चिकटवतो.

त्या रात्रीनंतरच्या सकाळच्या नोंदीतही त्याने घसा निरोगी असंच लिहिलं होतं. डोळे सुजले होते का, ते बघितलं नव्हतं. बॅटरी घशात होती.

तिच्या शेवटच्या आठवड्यात इस्पितळात डॉक्टर रोज सकाळी यायचे. हृदयाचं दुखणं होतं, घशाचा काही संबंध नव्हता, पण डॉक्टर तरुण आणि कसोशीचे, सगळं तपासायचे. आ करा म्हणाले. तिने आ केलं आणि डॉक्टरांच्या खांद्यावरून कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं, जिथे तो बसला होता, आणि आ करतच हसायला लागली. डॉक्टर गोंधळले. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुमच्याआधी एक तज्ज्ञ बघून गेलेत."

हे आठवून तो पातेल्यापाशी एकटाच हसला. मग त्याच्या लक्षात आलं की तीन वाजून गेलेत, आणि तो पातेलं हातात तसंच घेऊन घराबाहेर पडला. कोपऱ्यावर आल्यावर ध्यानात आलं. परत ठेवायला वेळ नव्हता. पालिकेच्या पायऱ्या तो पातेलं घेऊनच चढला.

"बाजार केलात की काय?" नोंदणीबाई म्हणाल्या.

"राजधानीचा नंबर द्या."

फोन लागायला बारा मिनिटं गेली. विधी खात्यात आधी कुणी उचलेना, मग कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. दूर कुठेतरी पंखा फिरत होता, तो त्याला ऐकू येत होता. मग बाई आल्या, धापा टाकत.

"साहेब, बरं झालं. गठ्ठा बांधायलाच घेतला होता. ठेवायचं ना?"

"काढा," तो म्हणाला.

"आणि ती सहा कारणं?"

"सहा नाहीत. एकच आहे, आणि ते कायद्यात बसण्यातलं नाही." मग त्याने सांगितलं. त्याला वाटलं होतं दोन वाक्यांत सांगून होईल. पण नवे नंबर आले, म्हातारे डॉक्टर आले, मावशी आली, सुई आली, आणि मग थांबायचं कुठे ते कळेना. कचेरीत टाइपरायटरचा आवाज थांबला होता. नोंदणीबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. फोनच्या पलीकडे आधी हसू दाबल्यासारखा आवाज आला, मग नुसताच श्वास. शिवणाच्या बाईंच्या दारावरच्या चौकोनाशी येऊन तो थांबला.

"तेव्हा काढा," तो म्हणाला. "मी लिहिलं ते अनुभवावरून नव्हतं. आठवणीवरून होतं."

"साहेब," बाई म्हणाल्या, आणि घसा साफ केला. "मसुद्याच्या नव्या कलमात असं आहे की दारावर काहीच लावायचं नाही. रोग्याला आणि घरच्यांना समक्ष, खासगीत सांगायचं, आणि घरी राहिले तर त्यांना लागेल ते पोचवायचं. पण चूक झाली तर काय, ते आम्हीही लिहिलं नाहीये. कुणाला सुचलंच नाही. तुमच्या मिसेस काय म्हणाल्या होत्या ते पुन्हा सांगाल? हळूहळू. मी लिहून घेते."

त्याने सांगितलं. चूक झाल्यास, ज्याने सूचना दिली त्यानेच, त्याच दिवशी. बाई एकेक शब्द परत म्हणत होत्या. दारात उभे राहून. "स्वल्पविराम?" बाईंनी विचारलं.

"तिने दिला नव्हता," तो म्हणाला.

चार वाजायला सहा मिनिटं होती. त्याने फोन ठेवला.

"म्हणजे एकवीस म्हणजे टेबल नंबर नव्हे तर," कोपऱ्यातला नवा कारकून म्हणाला, आणि सगळी कचेरी हसली, आणि निरीक्षक सगळ्यांत जास्त.

नवा कायदा व्हायला पाच महिने लागले. राजपत्र आलं तेव्हा त्याने प्रस्तावना सोडून थेट शोधायला सुरुवात केली. कलम अकरा, पोटकलम चार. 'चूक माझी' हे शब्द नव्हते. विधी खात्यातल्या बाईंनी आधीच कळवलं होतं, की कायद्याला मी म्हणता येत नाही, असं वरून उत्तर आलं, फार भांडले, पण नाही जमलं. बाकी होतं. चुकीने दिलेली सूचना, ती देणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः, त्याच दिवशी, संबंधितांच्या दारात उभे राहून, चुकीचे कारण सांगून परत घ्यावी. दारात उभे राहून. सगळ्या कायद्यात इतकं साधं वाक्य दुसरं नव्हतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं की इथे मध्येच कुणीतरी घरातलं माणूस बोलून गेलं.

राजपत्राबरोबर एक आदेश होता आणि आदेशाला टाचलेली एक पट्टी. जुन्या कायद्याच्या प्रतीवर, पहिल्या पानावर, सोबतची पट्टी चिकटवून प्रत अभिलेखात जमा करावी. पट्टीवर एकच शब्द होता, रद्द. नव्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या की आता आख्खं पुस्तक नवं येणार होतं. ही शेवटची पट्टी. त्याच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते, म्हणजे त्याच्याही हातून शेवटचीच.

खळ त्याने रविवारी घरी केली. पहिल्या खेपेला गाठी झाल्या. दुसऱ्या खेपेलाही. मग लेकीला फोन केला.

"बाबा, पीठ गरम पाण्यात घातलंत ना?"

"हो."

"थंड. आई थंडच घ्यायची. आणि एका दिशेनेच ढवळा, मध्ये विचार बदलू नका."

तिसऱ्या खेपेला खळ बरी झाली. मोरचुदाची पुरचुंडी मागच्या डब्यात सापडली, चिमटीत घेतल्यावर बोटं निळी झाली. एखाद दुसरी गाठ राहिली होती, ती त्याने बोटाने दाबून मोडली.

सोमवारी सकाळी त्याने नाडी सोडली, पहिलं पान उघडलं आणि पट्टी बसवली. जरा तिरकीच बसली. नोंदणीबाई मान उंचावून बघत होत्या. "सत्तावन्नशी जोडी झाली," त्या म्हणाल्या. त्याने तळहात पट्टीवर ठेवला, दाबला आणि मनात मोजायला लागला. कागदाखालून ओल हाताला लागत होती, थंड, आणि मग हळूहळू त्याच्याच हाताने ती कोमट झाली. अठरा. एकोणीस. तेवढ्यात फोन वाजला.

"गटार तुंबलंय म्हणतात," नोंदणीबाई फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "लगेच बोलायचंय. घेता?"

"थांबा म्हणावं," तो म्हणाला. "अजून दोन राहिलेत."